उत्तराला जागा ठेवून

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरी या दोन गावांतल्या बायका मधल्या ओढ्यावर जमतात आणि एकमेकींना शिव्या देतात. सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातली, लोणंदच्या बाजूची ही गावं. कांद्याच्या बाजारामुळे किंवा माउलींच्या पालखीच्या मुक्कामामुळे लोणंद पुष्कळांना ठाऊक असतं; हा ओढा मात्र श्रावणातल्या त्या एका दिवसापुरता प्रसिद्ध. या प्रकाराला 'बोरीचा बार' म्हणतात.

हलगी कडकडत असते. डफडी, शिंग, तुतारी यांचा एकच गदारोळ चाललेला असतो. एका काठावर सुखेड, दुसऱ्या काठावर बोरी. मधे पावसाळ्याचं गढूळ पाणी आणि त्या पाण्यात उभे राहिलेले पोलीस, त्यांत महिला पोलीसही. ते नसते तर पाणी ओलांडायला कुणी मागंपुढं पाहिलं नसतं, इतका आवेश दोन्हीकडे असतो. पदर खोचलेले, हात डोक्याच्या वर गेलेले. वाद्यांच्या आवाजात शब्द धड कानावर पडत नाहीत. शिवी पोचते ती हातवाऱ्यांनी. मूठ नाचवत, बोटं मोडत, टाळ्या पिटत, समोरच्या काठावरच्या एखादीला नेमकं हेरून तिच्यावर सगळा भडिमार होतो, आणि ती तितक्याच जोरानं परत करते. थोड्या वेळानं वाद्यं थांबतात. चिंब भिजलेल्या, आवाज बसलेल्या बायका आल्या वाटेनं घरी जातात. वर्षभर या दोन गावांत वैर नसतं.

मुळाशी एक गोष्ट सांगतात. एका पाटलाच्या दोन बायका होत्या, एक सुखेडला नांदायची आणि एक बोरीला. ओढ्यावर दोघींची गाठ पडली, भांडण जुंपलं, शब्दावरून शब्द वाढत दोघी पाण्यात पडल्या आणि बुडाल्या. गोष्ट किती जुनी, खरी की रचलेली, यात मी शिरत नाही. मला त्या गोष्टीतला पाटील खटकतो. दोन बायका केल्या त्यानं, भांडून मेल्या त्या दोघी, आणि शिव्यांमध्ये त्याचं नाव कुठेच नाही.

दरवर्षी श्रावणात वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर या बारची बातमी गंमत म्हणून येते. आता मोबाइलवर चित्रफिती फिरतात आणि खाली लोक हसतात. मला हा प्रकार गमतीचा वाटत नाही. एरवी चारचौघांत आवाज चढवला तर ज्यांना 'बाईच्या जातीला शोभत नाही' असं ऐकवलं जातं, त्या बायका त्या दिवशी गावच्या पुरुषांदेखत घसा फोडून बोलतात आणि पुरुष गप्प राहून बघतात. दिवस ठरलेला आहे, जागा ठरलेली आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ओढ्याला दोन काठ आहेत. बोलणारीला ऐकावं लागतं, ऐकणारीला बोलता येतं.

टोमणा, खोचक बोलणं, उपहास, शालजोडीतले देणं या सगळ्याला आपण कला म्हणतो. ती कला आहेच, पण कधी? या लेखासाठी मी मराठीतल्या टोमण्याच्या जुन्या जागा धुंडाळत गेलो, तेव्हा जवळजवळ प्रत्येक ठिकाणी मला हा दुसरा काठ सापडला. लोकांनी तो जाणूनबुजून राखलेला होता. जिथे तो राखला गेला नाही तिथे हुशारी होती, भाषाही होती, पण ते बोलणं मला कला वाटलं नाही.

सुरुवात घरापासून करू. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण ज्या घरांतून आली, तिथे सासू सुनेला सरळ बोलत नसे. ती मांजराला बोलायची. 'काय गं मने, उन्हं माजघरात आली तरी डोळे उघडेनात तुझे?' मनी तिकडे शेपटी आवरून बसलेली, आणि चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या सुनेच्या कानाची पाळी लाल. आता सून काय करणार? ती कडेवरच्या पोराला सांगते, 'मनीला बोलू नये हं बाळा, रात्री सगळ्यांच्या मागून निजते ती.' झालं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. ज्याला ऐकू जायचं त्याला गेलं, आणि सासऱ्यांनी 'काय चाललंय?' असं विचारलं तर मांजराचं चाललंय हे उत्तर तयार.

या दोन वाक्यांत टोमण्याचं सगळं कसब आलं. सासूनं मांजर मधे घातलं ते सुनेवर दया म्हणून नव्हे. सरळ बोलली असती तर भांडण झालं असतं आणि घर मोडलं असतं. आडून बोलल्यानं घर राहिलं आणि राग बाहेर पडला. पण तेच मांजर सुनेच्याही उपयोगी पडलं. सरळ उलट बोलणं तिला परवडणारं नव्हतं, आडून बोलणं परवडलं. सासूनं निवडलेल्या हत्यारानंच तिला उत्तर देता आलं. अर्थात सगळ्याच सुनांना ते साधलं असं नाही. कित्येकींच्या वाट्याला नुसतं ऐकून घेणं आलं, आणि त्या घरांतल्या टोमण्याला कला म्हणायची माझी तयारी नाही. तो जाच होता.

ज्यांना दिवसा बोलता आलं नाही त्यांनी पहाटे जात्याशी बोलून घेतलं. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे आहे. त्यांत विठोबा आहे, सीता आहे, भाऊ आणि माहेर आहे, तशी सासूही आहे, नणंद आहे, दारू पिणारा नवरा आहे. घर अजून अंथरुणात, जात्याची घरघर चालू, आणि त्या घरघरीवर गळा लावून बाई जे म्हणायचं ते म्हणते. सासू पलीकडे जागीच असते. पण ओवीला कोण काय बोलणार? तीही तरुणपणी त्याच जात्यावर हेच गात आलेली.

एकनाथांनी हे बायकांचं बोलणं नीट ऐकलेलं असणार. त्यांच्या रोडग्याच्या भारुडात एक बाई भवानीला नवस बोलते आणि सासरच्या एकेका माणसाचं काय व्हावं ते मागत जाते; शेवटी तिला एकटीला राहायचं आहे. भारूड म्हणून त्याचा आध्यात्मिक अर्थ आहेच, कीर्तनकार तो सांगतात. पण बाईचं सोंग घेऊन कुणी ते उभं केलं की समोर बसलेल्या बायका आधी खळखळून हसतात आणि अर्थाकडे मग वळतात. सोळाव्या शतकातल्या पैठणच्या एका ब्राह्मण संतानं सुनेच्या तोंडून सासरची अशी हजेरी घ्यावी, याचं मला आजही अप्रूप वाटतं. हादग्या-भोंडल्याच्या गाण्यांतही हाच सूर आहे. सासरचं सगळं द्वाड, माहेरचं सगळं गोड, आणि शेवटी वेड्या नवऱ्याची फजिती. मुली फेर धरून हे गाणार आणि घरच्या सासवा त्यांना खिरापत देणार.

घराबाहेरच्या टोमण्याचं खरं विद्यापीठ तमाशा. गण झाला की गौळण, मग बतावणी, रंगबाजी आणि वग. गौळणीत राधा आणि तिच्या सख्या दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, बरोबर मावशी असते, आणि कृष्ण पेंद्याला घेऊन वाट अडवतो. मावशीचं काम पुरुष करतो. डोक्यावर पदर घेतला, मान वेळावली की झाली मावशी. तिथून पुढे लिहिलेलं काही नसतं. कसं चालतं ते कळावं म्हणून मी माझ्या शब्दांत एक नमुना रचतो.

पेंद्या म्हणतो, 'या वाटेनं जायचं तर जकात द्यावी लागंल.'
'कुणी बसवली रं जकात?'
'देवानं.'
'मग पावती देतो का तुझा देव?'

इथे मंडप हसतो. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी त्या आठवड्यात तालुक्याला कुठल्या ना कुठल्या टेबलावर बिनपावतीचे पैसे मोजलेले असतात. कृष्णाची थट्टा करता करता मावशी कुठे पोचली ते सगळ्यांना कळतं; पहिल्या रांगेत बसलेल्यांना जरा जास्त कळतं. चांगला सोंगाड्या संध्याकाळी फड गावात उतरला की पारावर, चहाच्या टपरीवर बसतो आणि विचारपूस करतो. रस्ता कुणी खाल्ला, टँकर कुणाच्या शेतात रिकामा होतो, सोसायटीचं कर्ज कुणाला मिळालं. रात्री हे सगळं बतावणीत येतं. ज्याच्यावर येतं तो समोरच बसलेला असतो. त्याला उठून जाता येत नाही, कारण उठला की सगळ्या गावाला कळलं. त्याला एकच करता येतं, बसल्या जागेवरून उलट काहीतरी ओरडायचं. आणि तो ओरडला की सोंगाड्याची खरी परीक्षा. त्या ओरडण्याला क्षणात जबाब देता आला नाही तर पब्लिक फडाच्या अंगावर येतं. पाठांतराला इथे काही किंमत नाही. हजरजबाबीपणा म्हणतात तो हा.

तमाशाबद्दल लिहिताना एक गोष्ट टाळून चालत नाही. हे फड बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांनी उभे केले आणि जगवले. रात्री ज्या पाटलाची बोर्डावरून रेवडी उडवायची, त्याच्या विहिरीवर दिवसा पाणी भरायची सोय नव्हती. त्या माणसांना गावानं उत्तर द्यायला ठेवलेली जागा एवढीच, रात्रीच्या उजेडातली चार फळ्यांची. त्यांनी ती पुरेपूर वापरली. ज्या गावगाड्यानं त्यांना बाराही महिने तोंड मिटून राहायला लावलं, त्याच गावगाड्यासमोर हसवत हसवत त्यांनी त्याचं सगळं मोजमाप मांडलं. दादू इंदुरीकरांचं 'गाढवाचं लग्न' ज्यांनी पाहिलं ते सांगतात की सावळ्या कुंभार प्रत्येक प्रयोगात नवं काही बोलायचा. हरिभाऊ वडगावकरांची ती मूळ रचना. दादूंनी ती आपल्या जिभेवर वाढवली. त्यांचं खरं नाव गजानन सरोदे. 1973 मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडक्यांनी हीच बतावणी शहरातल्या नाट्यगृहात नेली, आणि तिकीट काढून आलेल्या मध्यमवर्गाला कळलं की राजकारणावर इतकं मोकळं आणि इतकं नेमकं बोलता येतं. पण हा पाया बांधणारे हात गावोगावच्या फडांतले होते. त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत याचं दुःख व्हायला हवं.

शाहिरीत तर उत्तराची जागा हाच सगळा खेळ. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. एकानं पुराणातलं कोडं घालायचं, दुसऱ्यानं ते सोडवायचं आणि आपलं घालायचं. पेशवाईतल्या शाहिरांपासून चालत आलेली ही जुगलबंदी कोकणात जाखडीच्या नाचाबरोबर आजही जिवंत आहे. तिथे ती शक्ती-तुरा म्हणून ओळखली जाते. गणपतीच्या दिवसांत गावात आणि एरवी मुंबईत लालबाग-परळच्या बाजूला चाकरमानी ती बघायला गर्दी करतात. त्यात टोमण्याची गाणी असतात, समोरच्या शाहिराचं नाव घेऊन, त्याच्या गावाचं, त्याच्या चालीचं नाव घेऊन. सिंधुदुर्गात डबलबारी भजनं रात्रभर चालतात. एका मंचावर दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज. नमन, अभंग, गवळण, गजर अशी बारी चढत जाते आणि गजराला आली की दोन्ही बुवा मोकळे सुटतात. समोरच्याचा एखादा शब्द घसरला असेल, ताल हलला असेल, अभंगाचा अर्थ सांगताना तो अडखळला असेल, तर ते धरून ठेवलेलं असतं. आता ते बाहेर येतं, तेही सुरात, तालात आणि पांडुरंगाच्या साक्षीनं. नुसतं वाईट बोलून इथे भागत नाही. समोरच्यापेक्षा चांगलं गाता आलं पाहिजे, मगच त्याला हसायचा अधिकार. बुवाची चूक काढताना आपलाच सूर लागला नाही तर लोक ज्याची चूक काढली त्याच्या बाजूचे होतात.

मालवणी मुलुखात एरवीच्या बोलण्यातही हे मुरलेलं आहे. तिथे शिवी मायेनंही देतात आणि मानही खवचटपणे देतात. कुठलं काय हे गाववाल्यालाच कळतं. गंगाराम गवाणकरांनी 'वस्त्रहरण'मध्ये ते जसंच्या तसं उचललं. गावातली हौशी मंडळी महाभारत करायला उभी राहतात आणि ते पार उधळून लावतात, एवढंच त्या नाटकात घडतं. मच्छिंद्र कांबळींनी गाजवलेल्या त्या नाटकाचे हजारो प्रयोग झाले. पु. ल. देशपांड्यांनी त्याचं मनापासून कौतुक केलं. त्या हसण्यात गावाला कमी लेखणं अजिबात नाही, कारण हसणारे आणि हसवणारे एकाच गावचे आहेत.

आता छापील शब्दाकडे येतो. इथे गोष्ट अवघड होते, कारण कागदाला समोरचा माणूस दिसत नाही.

मराठी गद्यातल्या उपहासाचा विषय निघाला की विष्णुशास्त्री चिपळूणकरांचं नाव पहिलं येतं. 1874 मध्ये त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली आणि सात वर्षं जवळजवळ एकट्यानं चालवली. 1882 मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं वय 32 सुद्धा पुरतं झालेलं नव्हतं. त्यांचं वाक्य आजही लखलखतं, यात वाद नाही. त्यांनी लोकहितवादींना झोडपलं, दयानंद सरस्वतींना झोडपलं, आणि जोतीराव फुल्यांना झोडपलं. पहिल्या दोघांशी त्यांची झालेली झुंज मी आवडीनं वाचतो. फुल्यांवरचं वाचताना मला राग येतो. फुल्यांनी मांडलेला प्रश्न बाजूला ठेवून त्यांच्या भाषेला, व्याकरणाला, शुद्धलेखनाला हसण्यात मालाकारांनी आपली सगळी बुद्धी खर्च केली. शूद्रातिशूद्रांना शिकू दिलं नाही हा ज्याचा आरोप, त्याला 'तुला नीट लिहिता येत नाही' असं हसणं यात विनोद कुठला? आणि मालेचा वाचक कोण होता? इंग्रजी शिकलेला, बहुतेक ब्राह्मण, शहरातला. फुले ज्यांच्यासाठी लिहीत होते ते शेतकरी, माळी, महार, मांग त्या वाचकांत नव्हतेच. त्या ओढ्याला एकच काठ होता.

फुल्यांनी आपला काठ स्वतः बांधला. खरं तर तो त्यांनी 'माले'च्या फार आधी बांधायला घेतला होता. 1855 च्या 'तृतीय रत्न' नाटकात त्यांनी एक विदूषक ठेवला. जोशीबुवा कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालून तिच्या घरचं काढून घेतात आणि हा विदूषक मधेमधे येऊन त्यांचा एकेक डाव उघडा करतो. संस्कृत नाटकातला विदूषक ब्राह्मण असायचा, खादाड असायचा, राजाचा मित्र असायचा. फुल्यांनी त्याला उचलून लुबाडल्या जाणाऱ्याच्या बाजूनं उभं केलं. पुढे 1873 मध्ये 'गुलामगिरी' आली, तीही संवादरूपात. धोंडिबा विचारतो आणि जोतीराव सांगतात. 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जन्मापासून मरणापर्यंत शेतकऱ्याकडून कोण, कधी, काय निमित्तानं काढून घेतं याची यादी आहे, आणि तिच्यातला उपरोध इतका धारदार आहे की आजही वाचताना अंगावर येतो. शैलीच्या मोजपट्टीनं चिपळूणकर आणि फुले यांना शेजारी ठेवून पहिल्याला झुकतं माप देणारे समीक्षक मराठीत पुष्कळ झाले. माझं मत वेगळं आहे. ज्याला बोलायला जागाच नव्हती त्यानं ती तयार करून मारलेला टोला मला अधिक मोलाचा वाटतो. पुढे सत्यशोधकी जलशांनी आणि त्यानंतर आंबेडकरी जलशांनी हेच बोलणं पुन्हा बोर्डावर नेलं, जिथे ज्याच्यावर बोलायचं तोही समोर बसू शकत होता.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे'मध्ये आपल्याच वर्गातल्या रूढींची चेष्टा केली, सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटाला पुढे करून. ते महत्त्वाचं काम होतं. पण सांगायचं आहे ते आचार्य अत्र्यांबद्दल.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म 1898 चा, सासवडजवळच्या कोडीतचा. सासवडच्या मातीत तमाशा, भारूड, कीर्तन यांचा सुकाळ. अत्र्यांच्या जिभेला वळण लागलं ते त्यातूनच असं मी मानतो. 1925 मध्ये 'केशवकुमार' या नावानं त्यांचं 'झेंडूची फुले' आलं. रविकिरण मंडळाचे कवी तेव्हा ऐन भरात होते. माधव जूलियनांची फारसी शब्दकळा, काव्यगायनाचे सोहळे, प्रेयसीला उद्देशून केलेले नाजूक हुंकार यांची पुण्या-मुंबईत मोहिनी होती. अत्र्यांनी या कवींवर टीकालेख लिहिला असता तर तो आज कुणाच्या लक्षातही राहिला नसता. त्यांनी त्या कवींचीच वृत्तं, त्यांचीच शब्दकळा घेतली आणि आत परीट आणला, गुलकंद आणला. प्रियकर रोज गुलाब पाठवतो आणि त्या गुलाबांचा शेवटी गुलकंद होतो, ही कल्पना शाळेत शिकलेल्या कुणालाही आजही आठवते.

विडंबनाला मी टोमण्यातला सगळ्यांत अवघड प्रकार मानतो. ज्याला हसायचं त्याची कला आधी पुरती आत्मसात करावी लागते. अत्र्यांना वृत्तं नीट हाताळता आली नसती तर 'झेंडूची फुले' दुसऱ्या आवृत्तीपर्यंतही टिकतं ना. डबलबारीतल्या बुवाला जो नियम, तोच इथे.

'नवयुग' साप्ताहिक आणि मग 15 नोव्हेंबर 1956 ला सुरू झालेला 'मराठा' यांतून अत्र्यांनी संयुक्त महाराष्ट्राची लढाई लढली. त्या लढाईत 105 हून अधिक माणसं गेली होती. मोरारजी देसाई, स. का. पाटील यांच्यावर अत्र्यांनी तेव्हा काय काय लिहिलं आणि शिवाजी पार्कच्या सभांत काय काय ऐकवलं, ते ऐकलेली माणसं आजही रंगवून सांगतात. तिथे त्यांचा उपहास जनतेच्या बाजूनं सत्तेवर चाललेला होता. समोरच्यांकडे पोलीस होते, सरकार होतं. उत्तर द्यायला त्यांना जागेची कमतरता नव्हती. ना. सी. फडक्यांशी त्यांचा वाद गाजला, पण फडके काही गरीब बापुडे नव्हते. त्यांच्याही हातात लेखणी होती आणि ती त्यांनी चालवली.

तरीही अत्र्यांचं सगळंच माझ्या गळी उतरत नाही. रागाच्या भरात त्यांनी माणसांच्या शरीरावर, घरावर, खासगी आयुष्यावर पुष्कळदा हात घातला. त्या लेखांना टाळ्या पडल्या म्हणून ते चांगले ठरत नाहीत. गंमत म्हणून त्यांचे किस्से सांगणाऱ्यांनी हेही सांगायला हवं. आणि त्याच अत्र्यांनी, ज्या नेहरूंवर संयुक्त महाराष्ट्रासाठी आग ओकली होती, ते 1964 मध्ये गेल्यावर 'सूर्यास्त' लिहिला, हेही सांगायला हवं. ते लेखन मनापासून केलेल्या शोकाचं आहे. ज्याच्यावर इतके वार केले त्याचं मोठेपण त्यांना कळलेलं होतं. खरा टोमणेबाज समोरच्याला ओळखत असतो, आणि ओळखण्यात आदर येतोच.

पुणेरी पाट्यांबद्दल लिहावं अशी पुष्कळांची अपेक्षा असेल. त्यांचं कौतुक फार झालं. दारावर चार ओळी चिकटवून आत जाऊन बसणाऱ्याला उत्तर देता येत नाही, आणि म्हणून मला त्या हजरजबाबीपणाचा नमुना वाटत नाहीत. त्यांचे फोटो काढणाऱ्यांनी एकदा बतावणी ऐकावी.

आज टोमण्यांची कमतरता मुळीच नाही. सकाळी कॅमेऱ्यापुढे एक नेता बोलतो, दुपारी दुसरा बोलतो, संध्याकाळी त्या दोघांच्या बोलण्यावर चर्चा चालते. शिमगा संपला तरी कवित्व उरतं असं आपण म्हणायचो. पूर्वी बोंब मारायला होळीचे दिवस ठरलेले होते, रंगपंचमी झाली की तोंडं आवरायची. आता बाराही महिने शिमगा आहे. तोंडासमोर बोलायची हिंमत नसलेला माणूस नाव लपवून, जात काढून, एखाद्या बाईचं चारित्र्य काढून लिहितो आणि स्वतःला 'रोखठोक' म्हणवून घेतो. ज्याला लिहिलं तो कुठे राहतो, त्याच्या घरी कोण आहे, हे त्याला ठाऊक नसतं. दुसऱ्या बाजूला, बोर्डावर उभं राहून, स्वतःच्या नावानं, सत्तेवर विनोद करणाऱ्या कलावंताला मात्र भावना दुखावल्याच्या तक्रारींना तोंड द्यावं लागतं. ज्या समाजानं पाटलाला पहिल्या रांगेत बसवून त्याची टिंगल ऐकायला लावली, त्या समाजाची ऐकून घ्यायची ताकद अशी आटावी हे मला फार लागतं.

आणि जिथे ही ताकद तयार व्हायची ती जागाही आटते आहे. नारायणगावला हंगामात फडांच्या राहुट्या पडतात, यात्रा कमिट्यांची माणसं येतात, सुपारी ठरते. आता गावाला गाणी हवी असतात, सिनेमातली, पडद्यावर जशी बघितली तशी. गण आटोपता, गौळण आटोपती, बतावणी असली तर पाच-दहा मिनिटांची. फडमालकाला दोष देऊन उपयोग नाही. सुपारी देणारा मागेल तेच तो देणार. पण बतावणीला वेळ मिळाला नाही तर नवा सोंगाड्या घडणार कसा? हजरजबाबीपणा घरी बसून येत नाही. पब्लिकनं अंगावर यावं लागतं आणि त्यातून वाट काढावी लागते. जुने सोंगाडे थकले आहेत आणि त्यांच्यामागे उभं राहणाऱ्या पोरांना बोर्डावर तेवढा वेळच मिळत नाही.

दिवाळी झाली की गावोगावच्या यात्रांच्या तारखा धरल्या जातात. यात्रा कमिटीत तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर त्याला एवढंच सांगा: सुपारी ठरवताना बतावणीला पुरा एक तास मागून घ्या, आणि त्या रात्री सरपंचांना पहिल्या रांगेत बसवा. श्रावणात बोरीला जायचं मनात असेल तर जरूर जा. पण मोबाइल खिशात ठेवा. त्या बायका एकमेकींशी बोलत असतात, तुमच्याशी नाही.